नृत्यकलावंतांची ऑनलाइन कमाई : पैसा नेमका येतो कुठून?

विशारद झालेल्या, रोज रियाज करणाऱ्या मुली हल्ली भेटल्या की हमखास विचारतात, ‘ताई, रील्सना व्ह्यूज येतात, पण पैसे कसे येणार?’ प्रश्न रास्त आहे. नाच हा खर्चाचा मामला आहे. पोशाख, साथीदारांचे मानधन, सरावाच्या हॉलचे भाडे, मेकअप, गाडीभाडे यांतच कार्यक्रमाचे पैसे जिरतात. कित्येक आयोजक तर ‘तुम्हाला व्यासपीठ देतोय’ एवढ्यावरच बोळवण करतात. अशा वेळी घरी बसून, आपल्याच कलेवर, नियमित चार पैसे मिळत असतील तर ते कसे मिळवायचे हे नीट समजून घ्यायला हवे.

माझे मत आधीच सांगते. नर्तकाला ऑनलाइन मिळणारा भरवशाचा पैसा दोनच कामांचा असतो : शिकवण्याचा आणि नाच बसवून देण्याचा. व्हिडिओ ही दुकानाची पाटी आहे. ती ठळक, स्वच्छ आणि लोकांच्या नजरेत भरणारी हवीच, पण गल्ल्यात पैसे पडतात ते दुकानात काय विकता यावर. बहुतेकजणी सगळी ताकद पाटी रंगवण्यात घालवतात आणि सहा महिन्यांनी दमून जातात. म्हणून जाहिरातींच्या उत्पन्नाचा हिशोब आधी उरकून टाकू आणि मग खऱ्या कामाकडे वळू.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय मागच्या १२ महिन्यांत तुमचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिले गेलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि ३,००० तास (किंवा ३० लाख शॉर्ट्स व्ह्यूज) एवढ्यावर आधीची एक पायरी मिळते. तिथे जाहिरातींचा वाटा नसतो, पण प्रेक्षक सभासद होऊन किंवा ‘सुपर थँक्स’ देऊन थेट पैसे देऊ शकतात. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५ टक्के, सभासदवर्गणीतले ७० टक्के. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. नवीन चॅनेलला हा आकडा गाठायला महिनोन्‌महिने लागू शकतात. त्याआधी, साधारण १० डॉलर झाले की गूगल पत्त्यावर पिन पाठवते. भाड्याच्या घरात राहत असाल तर पत्ता नीट तपासा. अमेरिकन कराचा ऑनलाइन फॉर्मही वेळेवर भरा. भारत आणि अमेरिकेतल्या करार-सवलतीवर टिक केलीत तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. फॉर्मच भरला नाही तर जगभरातल्या सगळ्या कमाईवर कपात होऊ शकते.

नाचणाऱ्यांच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. तुम्ही सिनेमातल्या गाण्यावर नाचलात की त्या गाण्याची मालक असलेली कंपनी यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ यंत्रणेतून व्हिडिओवर दावा लावते आणि जाहिरातीचे पैसे तिच्याकडे वळतात. व्हिडिओ दहा लाख लोकांनी पाहिला तरी तुमच्या हाती काही येत नाही. म्हणून फिल्मी गाण्यांवरचे नाच लोकांपर्यंत पोहोचायला जरूर करा, पण त्यातून जाहिरातीची कमाई होईल हे डोक्यातून काढून टाका. जिथे संगीत तुमचे, तिथेच पैसे तुमचे. संगीताकडे पुन्हा येतेच.

आणि २९ जून २०२० विसरू नका. त्या दिवशी भारतात टिकटॉकवर बंदी आली. खेड्यापाड्यांतल्या, आठवडी बाजाराच्या गावांतल्या कितीतरी नाचणाऱ्या मुलामुलींनी जमवलेले लाखो चाहते त्यांना पुन्हा गाठता आले नाहीत, कारण त्यांच्याकडे एकाचाही फोन नंबर नव्हता. तेव्हा आजपासून एक वही किंवा एक्सेल शीट उघडा. चौकशी करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, नंबर, मुलाचे वय आणि कशाची आवड हे त्याच्या परवानगीने लिहून ठेवा. प्लॅटफॉर्म बदलतील, ही यादी तुमच्याजवळ राहील.

ऑनलाइन क्लास : पायापासून सुरुवात

ऑनलाइन नृत्यवर्ग करोनाच्या काळात नाइलाजाने सुरू झाले आणि नंतर टिकले ते परदेशातल्या मराठी कुटुंबांमुळे. न्यू जर्सी, डॅलस, सिडनी, लंडन, दुबई इथल्या आयांना मुलीने कथक किंवा भरतनाट्यम शिकावे असे वाटते आणि शिकवताना ताईंनी तिच्याशी मराठीत बोलावे असेही वाटते. तुमची ही दुसरी बाजू फार मोलाची आहे. ‘एल्बो अप’ म्हणणारी शिक्षिका तिथेही मिळते. ‘कोपर खाली पडू देऊ नकोस गं राणी’ म्हणणारी मिळत नाही.

या पालकांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे महत्त्व कळते, कारण या आया स्वतः किंवा त्यांच्या मावश्या-आत्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा देत मोठ्या झालेल्या असतात. तुम्ही विशारद किंवा अलंकार असाल तर ते पहिल्या ओळीत लिहा. वर्षभराचा अभ्यासक्रम कागदावर मांडून द्या : कोणत्या महिन्यात तत्कार कुठल्या लयीत, केव्हा तोडे, केव्हा गतनिकास, शास्त्राचा कोणता भाग. पालक पैसे देतात ते या आराखड्याकडे पाहून. ‘मूल हळूहळू शिकेल’ यावर त्यांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आता शिकवण्याची यंत्रणा. कथकवाल्यांचा पहिला शत्रू म्हणजे व्हिडिओ कॉलमधले आवाज गाळणारे सॉफ्टवेअर. त्याला घुंगरांचा आवाज म्हणजे खडखडाट वाटतो आणि ते तो साफ गाळून टाकते. विद्यार्थिनी जीव तोडून तत्कार करते आणि तुमच्याकडे नुसते मुके चित्र दिसते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय आहे. ती तुमच्याकडे आणि विद्यार्थ्याकडे, दोन्हीकडे चालू करायची. पालकांना हे करून दाखवणारा दोन मिनिटांचा मराठी व्हिडिओ एकदा बनवून ठेवलात की दर नव्या प्रवेशाला तोच पाठवता येतो. मोफत झूमवर मीटिंग ४० मिनिटांत तुटते. तासाची फी घेत असाल तर सशुल्क खाते घ्या आणि तो खर्च फीमध्ये धरा.

दुसरी अडचण उशिराची. आवाज आणि चित्र पोहोचायला क्षणभर वेळ लागतो आणि तो क्षण प्रत्येकीच्या घरी वेगळा असतो. तुम्ही लेहरा लावलात आणि सहाजणी त्यावर नाचल्या तर तुम्हाला सहाही जणी समेला चुकलेल्या दिसतील. खरे तर त्यांच्या घरी त्या बरोबर समेवर आलेल्या असतात. म्हणून समूहात फक्त सराव घ्या आणि तपासणी एकेकीची करा. जिची पाळी आहे तिने लेहरा स्वतःच्या घरी, दुसऱ्या फोनवर लावायचा, तिचा माइक चालू, बाकी सगळ्या म्यूट. मग तिचे घुंगरू आणि तिचा लेहरा एकाच बाजूने, एकत्र तुमच्याकडे येतात आणि तिहाई सुटली की बसली ते अचूक कळते. पढंतही तुम्ही आधी म्हणायची, मग तिने. बरोबरीने म्हणायला गेलात तर गोंधळच होतो.

कॅमेरा टेबलावर ठेवला की पाय कापले जातात. लॅपटॉप बुटक्या स्टुलावर, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, आणि तुमच्यापासून आठ-दहा फूट दूर असला की डोक्यापासून टाचेपर्यंत सगळे दिसते. आणि लक्षात ठेवा, तुम्हाला स्वतःचे चित्र आरशासारखे दिसते, मुलांना तसे दिसत नाही. तुम्ही समोर तोंड करून उजवा हात वर केलात की लहान मुले पडद्याच्या त्याच बाजूचा, म्हणजे डावा हात उचलतात. नवा हस्तक आधी पाठमोरे उभे राहून दाखवा, मग समोरून. भरतनाट्यमच्या अडवूंनाही हेच लागू.

वेळेचे गणित आधीच स्पष्ट करा. न्यू जर्सीतल्या शनिवारी सकाळच्या साडेआठचा वर्ग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सहाला होतो, हिवाळ्यात सातला. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ सरकते. त्या आठवड्यात निम्मी बॅच चुकीच्या वेळी येते. आदल्या आठवड्यातच सगळ्यांना निरोप द्या.

फी किती ठेवायची हा सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न. शेजारचीची फी बघून ठरवू नका. आपल्या तासाचा हिशोब मांडा. एका वर्गामागे शिकवण्याचा एक तास, व्हिडिओ तपासण्याचा आणि निरोपांना उत्तरे देण्याचा निदान अर्धा तास, झूम, इंटरनेट, पैसे घेणाऱ्या कंपनीचे कमिशन. समजा महिन्याला तुम्हाला या कामातून ३०,००० रुपये मिळायला हवेत आणि आठवड्यात तुम्ही पाच बॅचेस घेऊ शकता. म्हणजे एका बॅचने महिन्याला ६,००० आणले पाहिजेत. सहा मुलांची बॅच असेल तर प्रत्येकी १,०००, तीनच मुले असतील तर २,०००. हे गणित पालकांना दाखवायचे नसते, पण ते तुमच्या मनात पक्के असले की कुणी ‘थोडे कमी करा ना ताई’ म्हटल्यावर पाय डगमगत नाहीत. परदेशातल्यांसाठी वेगळी फी ठेवण्यात काही गैर नाही. त्यांच्या वेळेसाठी तुम्ही तुमची संध्याकाळ किंवा पहाट देता.

फी तीन महिन्यांची आगाऊ घ्या. चुकलेल्या वर्गाचे काय, सुट्टीत भारतात आल्यावर काय, मधेच सोडले तर काय, हे प्रवेशाच्या वेळी लेखी द्या. आपल्याकडे गुरूने पैशांचे बोलू नये असा एक संकोच असतो आणि तो चांगल्या शिक्षिकांना फार महागात पडतो. नियम कागदावर असले की बोलावे लागतच नाही.

रेकॉर्ड केलेला कोर्स विकण्याचा मोह सगळ्यांना होतो : एकदा शूट करा, कायम विका. शास्त्रीय नृत्याचा पायाभूत कोर्स असा विकण्याच्या मी विरोधात आहे. गुडघा चुकीच्या कोनात वाकवून कुणी महिनोन्‌महिने सराव केला आणि दुरुस्त करणारे कुणीच नसले, तर इजा होते. रेकॉर्डिंग चांगले चालते ते ठरावीक, छोट्या गोष्टींना : मंगळागौरीचे झिम्मा-फुगडीचे प्रकार, परीक्षेच्या शास्त्राची उजळणी, हातमुद्रांचा सराव, शिक्षिकांसाठी लयकारीचे पाठ, एका गाण्याचा बसवलेला नाच. आणि तुम्ही विकताय ती रचना गुरूंनी बांधलेली असेल तर त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या, व्हिडिओत नाव घ्या. शिकवायला दिलेली रचना विकायलाही दिलेली आहे असे धरून चालता येत नाही.

नाच बसवून देणे

हे काम क्लासपेक्षा कमी प्रतिष्ठेचे समजले जाते. ते तसे अजिबात नाही, आणि पैसे मात्र इथे लवकर मिळतात. परदेशातली महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सवात, दिवाळीत कार्यक्रम करतात. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते आणि त्यात नाचांची रेलचेल असते. इथे घरोघरी लग्नांत संगीत असते, शाळांत स्नेहसंमेलने असतात, सोसायट्यांत गणपतीचे कार्यक्रम असतात. या सगळ्यांना नाच बसवून हवा असतो आणि बसवणारी व्यक्ती त्यांच्या गावात असायलाच हवी असे राहिलेले नाही.

काम घेताना आधी माणसे समजून घ्या. आठजणींचा गट असेल तर प्रत्येकीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागवा, कशावरही नाचलेला चालेल. कुणाला उड्या जमतात, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला लय पक्की आहे, हे पाहिल्याशिवाय स्टेप बसवू नका. वरमाईला खाली बसून उठायला लावणारी लावणीची स्टेप देणे हा बसवणाऱ्याचा दोष आहे. तिला पदर, मान आणि डोळे यांची अदा द्या. ती उत्तम करेल आणि टाळ्याही तिलाच पडतील.

पाठवायचे काय? चार व्हिडिओ : पूर्ण नाच समोरून, पूर्ण नाच पाठमोरा, तुकड्या-तुकड्याने संथ आकड्यांवर, आणि संथ पण गाण्यावर. सोबत चौकटीच्या कागदावर प्रत्येक कडव्याला कोण कुठे उभे राहणार याच्या आकृत्या, नावानिशी. मंचाची लांबी-रुंदी आधी विचारा. विंग कुठल्या बाजूला आहे तेही विचारा, नाहीतर प्रवेश भिंतीतून होईल. मग व्हिडिओ कॉलवर दोन तालमी आणि शेवटी त्यांनी पाठवलेल्या पूर्ण नाचाच्या व्हिडिओवर तुमच्या सूचना.

दर गाण्यागणिक सांगण्यापेक्षा तीन गोष्टींवर सांगा : संगीत किती मिनिटांचे, माणसे किती, तालमी किती. बदल दोनदा करून मिळतील, त्यापुढच्या प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे, हे आधी लिहा. गाणे बदलले तर नवे काम. निम्मे पैसे काम सुरू करण्याआधी, उरलेले शेवटचा व्हिडिओ पाठवण्याआधी. ओळखीच्यांकडूनही असेच घ्या. मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात तुम्ही भेट म्हणून नाच बसवून दिलात तर ती भेट आहे असे मोकळेपणाने म्हणा, अर्धवट पैसे घेऊन दोघींच्याही मनात अढी ठेवू नका.

संगीत आणि हक्क

संतांची पदे आणि पारंपरिक बंदिशी कुणाच्या मालकीच्या नाहीत. पण त्यांचे एखाद्या गायकाने केलेले रेकॉर्डिंग मालकीचे असते, भारतात प्रसिद्धीपासून ६० वर्षे. त्यामुळे तुमच्या अभिनयाच्या पदाला, तराण्याला, लेहऱ्याला स्वतःचे रेकॉर्डिंग करून घेणे हा मला सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो. तबला, संवादिनी, गायक, स्टुडिओचे काही तास. चार मैत्रिणींनी मिळून केला तर एकीवर भार पडत नाही. साथीदारांशी एक पानाचा करार करा : हे रेकॉर्डिंग कार्यक्रमात, व्हिडिओत आणि कोर्समध्ये वापरता येईल, नावे दिली जातील, मानधन इतके दिले, पुढे विक्रीतून पैसे आले तर वाटा इतका. तबलजीला ‘बघू नंतर’ म्हणून टांगणीला ठेवू नका. त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे.

हे रेकॉर्डिंग एखाद्या डिजिटल वितरकामार्फत गाण्यांच्या ॲप्सवर टाकता येते आणि कंटेंट आयडीतही नोंदवता येते. मग दुसऱ्या कुणी तुमच्या तराण्यावर नाचून व्हिडिओ टाकला तर त्याच्या जाहिरातीचे पैसे तुमच्याकडे येऊ शकतात. नोंदवताना वितरकाला तुमचे स्वतःचे चॅनेल वगळायला सांगा, नाहीतर तुमच्याच व्हिडिओवर दावा येऊन बसेल.

ब्रँडकडून पैसे किंवा साड्या-दागिने घेऊन रील करत असाल तर त्यात लोकप्रिय सिनेगीत वापरू नका. इन्स्टाग्रामवरची ती गाणी व्यक्तिगत वापरासाठी असतात, जाहिरातीसाठी कंपनीची वेगळी परवानगी लागते. व्हिडिओ जाहिरात आहे हे स्पष्ट लिहा. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे २०२१पासून तसे नियम आहेत. आणि फुकट मिळालेल्या वस्तूही उत्पन्नात धरल्या जातात. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू आल्या तर त्यावर कर कापला जातो.

तुमच्या रचनेलाही कायद्याचे संरक्षण आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, अट एवढीच की ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदवलेली असावी. म्हणून नाच बसवला की तारखेसह व्हिडिओ आणि बोल-हस्तकांची टिपणे ठेवा. याशिवाय सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा वेगळा हक्क असतो. हे मी विशेषतः लावणीकलावंतांसाठी लिहिते आहे. थिएटरात, जत्रेत, खासगी बैठकीत प्रेक्षक मोबाईलवर शूटिंग करतात, भलत्याच चॅनेलवर टाकतात, वर अश्लील मथळे देतात. नाचते ती बाई, पैसे खातो तिसराच, आणि शिव्या पुन्हा तिच्याच वाट्याला. हा अन्याय आहे आणि तो निमूटपणे सोसण्याची गरज नाही. बोलीच्या वेळीच आयोजकाशी लिहून घ्या की चित्रीकरण आमच्या परवानगीशिवाय होणार नाही आणि ऑनलाइन टाकायचे असेल तर त्याचे वेगळे मानधन. कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदकाकडून तसे जाहीर करवा. तरीही व्हिडिओ वर गेला तर यूट्यूबचा व्हिडिओ काढण्याच्या मागणीचा फॉर्म भरता येतो. आणि फडाचे स्वतःचे चॅनेल काढा. ढोलकी, पेटी, गाणे, नाच सगळे तुमचेच जिवंत असते, संगीताच्या दाव्याची भानगड तुलनेने कमी. बैठकीच्या लावणीतली अदाकारी जवळून, चांगल्या प्रकाशात, चेहरा आणि बोटे दिसतील अशी चित्रित केली, त्याखाली गाण्याचा अर्थ लिहिला, तर तिला जाणकार प्रेक्षक मिळतो. कार्यशाळांची निमंत्रणेही अशा व्हिडिओंमुळेच येतात. कॉमेंट आधी तपासून मगच दिसू द्यायची सोय चॅनेलच्या सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

पैसे हातात पडेपर्यंत

देशातली फी यूपीआयने घ्या, पण घरखर्चाच्या खात्यात नको. वेगळे खाते उघडा, वेगळे सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवा. पेपालने १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केले आहेत, परदेशातून पैसे घेण्यासाठी ते चालते. त्यात कमिशन आणि चलनबदलाचा फरक दोन्ही जातात, म्हणूनही तीन महिन्यांची फी एकदम बरी पडते. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवा. अनेकदा मुलीचे पुण्यातले आजोबाच रुपयांत फी भरतात. सोयीचे आहे, पण हिशोबात ती परकी चलनातली कमाई धरता येत नाही, हे तुमच्या सीएला सांगा.

जीएसटीला घाबरून बसू नका. सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. कला-संस्कृतीशी निगडित प्रशिक्षण व्यक्तीने दिले तर त्याला सूट आहे आणि लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणाला १.५ लाखांपर्यंतच्या मानधनावर सूट आहे. ब्रँडची जाहिरात आणि यूट्यूबचे उत्पन्न या सवलतीत बसत नाही. प्राप्तिकराचे विवरण मात्र उत्पन्न कमी असले तरी भरत राहा. पुढे स्टुडिओसाठी कर्ज घेताना किंवा व्हिसा काढताना तेच कामी येते.

फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार आहे. फोन येतो : ‘मी लष्करात अधिकारी आहे, मुलीला तुमच्या क्लासला घालायचंय, सगळी फी आत्ताच भरतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा.’ पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. पिन टाकलात की पैसे जातात. गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

मुले शिकवत असाल तर एक नियम पक्का करा : वर्ग चालू असताना घरातले कुणीतरी मोठे हाकेच्या अंतरावर हवे, आणि कुठल्याही मुलाचा व्हिडिओ पालकांच्या लेखी संमतीशिवाय जाहिरातीसाठी टाकायचा नाही. संमती दिल्यावर पालकांनी नंतर काढायला सांगितला तर त्याच दिवशी काढायचा.

सुरुवात केव्हा करायची असे विचाराल तर कामे सणांच्या आधी येतात, सणात येत नाहीत. मंगळागौरीच्या खेळांची जाहिरात श्रावण लागायच्या महिनाभर आधी करा. स्नेहसंमेलनांसाठी शाळांना दिवाळीच्या सुट्टीआधी भेटा. लग्नातल्या संगीताची चौकशी तुळशीच्या लग्नाआधीच सुरू होते, तेव्हा नमुन्याचे दोन-तीन व्हिडिओ नवरात्रापर्यंत तयार हवेत. परदेशातल्या मंडळांच्या सांस्कृतिक समित्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम मे-जूनमध्ये ठरवतात. त्यांना एप्रिलअखेर निरोप पाठवा : तुमची माहिती चार ओळींत, दोन मिनिटांचा एकच व्हिडिओ, दर आणि उपलब्ध वेळा. होकार आला की गाणे जूनमध्ये पक्के करून घ्या आणि कापून जोडलेले संगीत जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती द्या, म्हणजे नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी तालीम करणाऱ्या बायकांना सहा-सात आठवडे मिळतात.